सिंहांना हार घालायचा शुक्रवार

अच्युतचा डोळा लागला आहे. मी शाल लपेटून त्याच्या पलंगाशेजारच्या खुर्चीत बसते, फक्त जरा पाठ टेकायला. दुपार आहे, पण शिकागोची नोव्हेंबरातली दुपार. खिडकीबाहेरचा उजेड राखाडी आहे आणि सकाळपासून तो वाढलाही नाही, कमीही झाला नाही.

घर शांत आहे. मैथिली मुलींना घेऊन डाउनटाउनला गेली आहे. ती सिअ‍ॅटलहून थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला आली, तेव्हापासून घरात भांडी, बूट, ओले कोट, आणि "आजी, हे कुठेय, ते कुठेय" असं चाललंय. काल गुरुवारी सगळ्यांनी मिळून टीव्हीवर परेड पाहिली, मी भरली वांगी केली, मैथिलीनं भोपळ्याचा गोड 'पम्पकिन पाय' आणला. आज शुक्रवार, सिंहांचा दिवस.

आमच्या घरात हा दिवस अक्कांनी सुरू केला. अक्का म्हणजे अच्युतच्या आई. कुरुंदवाडहून सहा महिन्यांसाठी आल्या आणि एकोणीस वर्षं राहिल्या. याच घरात, याच खोलीत गेल्या. आल्या त्या पहिल्याच नोव्हेंबरात आम्ही त्यांना मिशिगन अव्हेन्यूवर नेलं होतं. तिथल्या मोठ्या आर्ट म्युझियमच्या दाराशी दोन ब्राँझचे सिंह उभे आहेत, पावसापाण्यानं हिरवे पडलेले. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या गळ्यात पाइनच्या फांद्यांचे टायरएवढे हार घालतात, लाल फीत बांधून. लोक टाळ्या वाजवतात. अक्कांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांनी पायातले बूट काढले, त्या थंडीत, आणि हात जोडले. म्हणाल्या, "हे जय आणि विजय. दाराशी उभे आहेत, दुसरे कोण असणार?"

तेव्हापासून दर वर्षी. डब्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी, थर्मासमध्ये चहा. आधी सिंह, मग चालत स्टेट स्ट्रीटवरच्या त्या जुन्या दुकानाच्या कोपऱ्यावरचं हिरवं घड्याळ, मग दुकानाच्या सजवलेल्या खिडक्या, त्यांतल्या हलत्या बाहुल्या. शहर बदलत गेलं, बागेत तो घेवडा आला, दाण्याच्या आकाराचं चकचकीत स्टीलचं मोठं शिल्प, त्यात आपली तोंडं वाकडी बघायला लोक रांगा लावू लागले. आमचा शुक्रवार तसाच राहिला. अक्का गेल्यावरही आम्ही दोघं जायचो.

आता नाही. अच्युतला पॅरालिसिसचा झटका आला त्याला दोन वर्षं होतील. उजवी बाजू गेली. शब्द थोडे राहिलेत, तेही कधी सापडतात, कधी नाही. मदतीला येणारी बाई सुट्टीवर आहे, तिलाही घर आहे, सण आहे. त्याला कुशीवर वळवताना माझ्या कमरेत काहीतरी कट्ट झालं, तेव्हापासून मी भिंतीला धरून चालते.

मिशिगन लेकच्या काठाला एक केंद्र आहे, अशा माणसांना सांभाळणारं. तिथे एक खोली रिकामी झाली आहे. सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं आहे. काल भांडी घासता घासता मैथिली म्हणाली, "आई, तू पडलीस तर बाबांना कोण बघणार? आणि तुला?"

मी म्हटलं, "बघू."

बरेच दिवस मी सगळ्यांना तेवढंच म्हणते.

अच्युत घोरतोय. हीटर सुरू होतो, बंद होतो. मी काही झोपणार नाहीये. पापण्या जरा जड होतात, एवढंच. स्वयंपाकघरातून उतू गेलेल्या दुधाचा वास येतो. गॅसवर दूध ठेवल्याचं मला आठवत नाही, पण वास येतोय म्हणजे उठायला हवं. मी उठते. कंबर दुखत नाही. स्वयंपाकघराचं दार ढकलते आणि बाहेर स्टेट स्ट्रीट असतो.

घड्याळाखाली अक्का उभ्या आहेत.

नऊवारी, त्यावर अच्युतचा जुना निळा, जाड पार्का कोट, पायांत पांढरे स्पोर्ट्‌स शूज, डोक्याला मफलर. अगदी दर वर्षी सिंहांकडे जायच्या त्याच वेषात. फक्त चष्मा नाही.

"किती वेळ लावलास," त्या म्हणतात. "मी आपली इथे उभी."

"अक्का, पाय दुखले असतील तुमचे."

"मेल्यावर कसले पाय दुखतात?" त्या चालायला लागतात. दोन पावलांवर म्हणतात, "दुखतात थोडे."

"मला घरी जायला हवं. अच्युत एकटाच आहे."

"झोपलाय तो. चल."

त्यांच्यासमोर मी त्याला कधी नावानं हाक मारत नसे. निदान पहिली काही वर्षं. "अहो" म्हणायचे, आणि बाहेर पडलं की अच्युत. आता तोंडातून सरळ अच्युत येतं आणि अक्कांना त्याचं काही वाटत नाही.

रस्त्यावरून परेड चालली आहे. परेड कालच झाली, तरी चालली आहे. बँडवाले गाल फुगवून वाजवताहेत, आवाज येत नाही. मग इमारतीएवढा एक फुगा येतो, मासा असावा. त्याचं पोट दुकानांच्या वरच्या मजल्यांना घासत सरकतं. खाली चाळीस-पन्नास माणसं दोऱ्या धरून चालताहेत. माझ्याही हातात एक दोरी आहे. ती कधी धरली, आठवत नाही. तळहात भाजतोय.

"सोड की," अक्का म्हणतात.

"उडून जाईल."

"बाकीचे काय नुसते चाललेत?"

मी सोडत नाही. पण पुढच्या कोपऱ्यावर पाहते तर हातात दोरी नसते, आणि मासा जसा चालला होता तसाच चाललेला असतो.

दुकानाच्या खिडक्या लागतात. अक्का प्रत्येक खिडकीपाशी थांबतात, नाक काचेला लावून. एकीत बाहुल्या घसरगुंडी खेळताहेत. एकीत कापसाचा बर्फ पडतोय. तिसऱ्या खिडकीत आमचं स्वयंपाकघर आहे. तोच ओटा, तीच पिवळी किटली, फ्रिजवर मुलींनी काढलेली चित्रं. सिंकपाशी एक बाई उभी आहे, आमच्याकडे पाठ करून. तिचा हात वर जातो, खाली येतो. वर जातो, खाली येतो. बाहुल्यांचे जातात तसे.

मी काचेवर टकटक करते. ती वळत नाही.

"नाही वळायची," अक्का म्हणतात. "मी किती हाका मारल्यात."

त्या पुढे जातात. मला आणखी थांबायचं असतं, त्या बाईचं तोंड बघायचं असतं, पण अक्कांचा निळा पार्का गर्दीत दिसेनासा होतो आणि मी घाईनं त्यांच्या मागे जाते.

चौकात नाताळचा बाजार भरलाय, लाकडी टपऱ्यांचा. टपऱ्यांवर दिव्यांच्या माळा आहेत आणि खाली गोणपाट टाकून कुरुंदवाडच्या बाजारातल्या बायका बसल्यात, वांगी, मेथी, ओल्या शेंगा घेऊन. एक लालबुंद गालांचा गोरा म्हातारा बुटाच्या आकाराच्या कपांतून काहीतरी गरम विकतोय. अक्का एक कप घेतात, घोट घेतात, मला देतात. बासुंदी आहे.

"आपल्याकडच्या वाडीची नाही," त्या म्हणतात. "पण बरी आहे."

आणि मग पायऱ्या. म्युझियमच्या पायऱ्या, पण ओल्या, खालच्या दोन-तीन शेवाळलेल्या. मिशिगन अव्हेन्यूवर पाणी आलंय. पुराचं नाही, संथ. कुरुंदवाडला नदीचं पाणी श्रावण संपता संपता घाटाला लागून उभं राहतं तसं. त्यातून एक सिटी बस सावकाश जाते, दिवे लावून. पलीकडच्या उंच इमारती पाण्यात उलट्या उभ्या आहेत.

उजवीकडच्या चौथऱ्यावर सिंह आहे, गळ्यात हार आहे. डावीकडचा चौथरा रिकामा. तो सिंह खाली उतरून पायरीवर बसला आहे, पुढचे पाय पसरून. त्याचा हार बाजूला पडलाय. ब्राँझचाच आहे, पण त्याची कूस वरखाली होते आहे.

"विजय आहे हा," अक्का म्हणतात. "दमलाय." आणि त्याला टेकून बसतात. डबा उघडतात. धपाट्यांचा वास येतो, तीळ, लसूण. मी उभीच असते.

"बस."

"पायऱ्या ओल्या आहेत."

"बस म्हणते ना."

मी बसते. दगड थंडगार आहे. अक्का अर्धं धपाटं माझ्या हातावर ठेवतात. आम्ही दोघी खातो. पाण्यावर हिमाचे कण पडायला लागतात आणि विरघळतात.

"अक्का, एक विचारायचं होतं."

"मग विचार की."

"अच्युतला तिकडे ठेवू का?"

त्या चघळत राहतात. "तिकडे म्हणजे त्या लेककाठच्या ठिकाणी?"

"हो."

"खिडकी आहे?"

"आहे. पाणी दिसतं."

"भात देतात?"

"मागितला तर देतात."

"मऊ?"

"सांगावं लागेल."

"मग सांग."

"म्हणजे, हो म्हणू?"

"मला कशाला विचारतेस गं? मी मेले आहे."

"तुमचा मुलगा आहे तो."

"तुझा नवरा आहे. माझ्याकडे होता त्यापेक्षा किती जास्त वर्षं तुझ्याकडे आहे."

मला एकदम रडू येतं आणि राग येतो, दोन्ही एकाच जागेवरून. "तुम्हाला नाही ना आम्ही कुठे ठेवलं," मी म्हणते. "शेवटपर्यंत घरी होतात. अजून लोक म्हणतात, कुमुदनं सासूचं किती केलं. आणि आता नवऱ्याला..." मला पुढचा शब्द सापडत नाही. अच्युतला सापडत नाहीत तसा.

अक्का डब्याचं झाकण लावतात. हात धुवायला म्हणून खालच्या पायरीवर उतरतात, पाण्यात बोटं बुडवतात, तिथूनच बोलतात.

"केलंस की. अंघोळ, पथ्य, औषधं, पाठ चोळून देणं. मी कधी कुणाजवळ तक्रार केली?"

"नाही."

"पण शेवटी शेवटी मला काय वाटायचं, सांगू? कुमुद जरा बसावी. तू यायचीस, चादर बदलायचीस, गोळी द्यायचीस, निघालीस. मी बोलायला तोंड उघडेपर्यंत तिकडे नळ सुरू. दिवसभर पाठ दिसायची तुझी."

"कामं कोण करणार होतं, अक्का? माझी नोकरी होती. मैथिली शाळेत होती."

"तेच म्हणते. दुसऱ्या कुणी केली असती, तर तू बसली असतीस."

सिंहाचा श्वास ऐकू येतो, भात्यासारखा.

"तुम्हाला काय बोलायचं होतं?"

"काही नाही. असंच." त्या पदराला हात पुसत नाहीत, तशाच ओल्या हातांनी वर येतात, माझ्याशेजारी बसतात. "एकोणीस वर्षं एका घरात राहिलो आपण. तुझ्या माहेरी अंगणात कसलं झाड होतं, ते मला माहीत नाही."

"रामफळाचं," मी म्हणते.

"बघ."

ती बस परत येते, रिकामी. पाण्यातल्या इमारती हलतात आणि पुन्हा उभ्या राहतात.

"अच्यूशी शेवटचं कधी बोललीस?" अक्का विचारतात.

"रोज बोलते."

"काय?"

मी आठवायला लागते. तोंड उघड. हात वर कर. कुशीवर हो. गिळ. नीट गिळ. झालं का?

अक्कांना सगळं ऐकू येतं, मी मोठ्यानं म्हटलेलं नसूनही. त्या माझ्या पाठीवर हात ठेवतात, कमरेच्या बरोबर त्या जागी. हात थंड आहे आणि जड आहे, आणि मला वाटतं हा हात इथून उचलू नये. मला आयुष्यात इतकं थकल्यासारखं कधी वाटलं नव्हतं. किंवा रोज वाटत होतं आणि बसल्यामुळे आत्ता कळतंय.

"मी हो म्हटलं आणि तो रुसला तर?" मी विचारते.

"रुसेल की. लहानपणी चार-चार दिवस जेवायचा नाही. तू जाऊन बस त्याच्याजवळ. रुसलेल्या माणसाजवळही बसता येतं."

मग त्या माझ्या अंगावरच्या शालीचं टोक हातात घेतात आणि त्याला गाठ मारतात. एक मारतात, तिच्यावर उलटी दुसरी, दातांनी ओढून घट्ट करतात.

"हे काय?"

"विसरशील. उठलीस की लागशील कामाला."

विजय उठतो. अंग झाडतो, ब्राँझ खणखणतं. पडलेल्या हारात स्वतःच मान घालतो आणि चौथऱ्यावर चढून जसा होता तसा उभा राहतो. अक्काही गुडघ्यांवर हात टेकून उठतात. त्या वर जायला लागतात, म्युझियमच्या दाराकडे.

"कुठे निघालात?"

"आत."

"आत कशाला?"

"चित्रं आहेत ना आत? एवढी वर्षं आणलंत, पण दाराशीच. सिंह दाखवले आणि परत नेलं. मला कधीचं बघायचं होतं."

मला हसू येतं. "मग बोलायचं नाही का, अक्का?"

"कुणाला? तुझ्या पाठीला?" त्याही हसतात. चिडून नाही. "तिकीटही नाही आता मला. जा तू. जागा झालाय तो."

दार मोठं आहे, त्यांच्यासाठी हलकं उघडतं. आत पिवळा उजेड आहे. निळा पार्का त्या उजेडात जातो आणि पायऱ्यांवरचं पाणी माझ्या पावलांना लागतं.

हीटर सुरू होतो.

खिडकीतला उजेड तेवढाच राखाडी आहे. माझी मान खुर्चीच्या पाठीवर कलंडली आहे, तोंड कोरडं पडलंय. अच्युत जागा आहे. डावीकडे मान वळवून माझ्याकडे बघतो आहे. किती वेळ बघतोय कोण जाणे.

गोळीची वेळ होऊन गेली असणार. दुपारचं पातेलं तसंच सिंकमध्ये आहे. कुकर लावायचा आहे, मुली येतील, भूक भूक करतील. मी खुर्चीच्या हातांवर जोर देते. कंबर आहे तिथेच आहे, तीच कळ. मी अर्धवट उठते आणि पुन्हा बसते. खुर्ची पलंगाकडे ओढून घेते, गुडघे लाकडाला लागेपर्यंत.

त्याचा डावा हात हातात घेते. चाळीस वर्षांहून जास्त झाली लग्नाला, आणि मी बोलायला काही शोधते आहे.

"अच्युत," मी म्हणते, "आमच्या बार्शीच्या घरी रामफळाचं झाड होतं. आठवतं?"

तो बघत राहतो. ओठ हलतात. शब्द कुठूनतरी लांबून येतो आहे, मी तो ओढून काढत नाही, वाट बघते.

"बिया," तो म्हणतो.

मला क्षणभर कळत नाही. मग कळतं. तो मला बघायला आला होता तेव्हा आईनं बशीत रामफळ दिलं होतं. सगळे समोर बसलेले. बिया कुठे टाकायच्या हे त्याला कळेना. त्यानं त्या सगळ्या गालात धरून ठेवल्या, आणि काकांनी विचारलं, अमेरिकेत नोकरी काय करता, तर याला उत्तरच देता येईना. आत आम्हा बायकांना वाटलं, मुलगा तोतरा आहे.

मी हसते. तोही हसतो, अर्ध्या तोंडानं. त्या अर्ध्या हसण्याकडे मी नीट पाहते. जेवण भरवताना त्याचं तोंड रोज दिसतं, पण तेव्हा मी चमच्याकडे बघत असते.

"सोमवारी त्या लोकांना फोन करते," मी म्हणते. "लेककाठच्या. तिथली खोली घेऊ या. ते तुझं सगळं करतील, माझ्याहून नीट करतील. मी रोज येईन. सकाळी येईन आणि बसेन."

तो डोळे मिटतो. उजव्या डोळ्यातून पाणी येतं, पण त्या डोळ्यातून हल्ली येतंच, त्यामुळे त्यावरून काही समजत नाही. हात मात्र काढून घेत नाही. मी ते पाणी पुसत नाही, टिश्यू शोधायला उठत नाही. तशीच बसून राहते.

दार वाजतं. मुली आधी येतात, गारठलेल्या, एकदम बोलत. सिंहांचे हार, बाजारातला गरम चॉकलेटचा कप, घेवड्यात दिसलेली लांबडी नाकं. मैथिली मागून येते, कोट न काढताच आमच्याकडे बघते. मला या वेळी खुर्चीत बसलेली बघायची तिला सवय नाही.

"आई, बरं वाटतंय ना?"

"हो. चहा टाकतेस का?"

"टाकते." ती जवळ येते, वाकून बाबांच्या कपाळाला हात लावते, मग माझी घसरलेली शाल खांद्यावर नीट करायला जाते आणि थांबते. टोक उचलून बघते.

"ही गाठ कुणी मारली?"

मी बघते. एकीवर एक उलटी, दोन गाठी, आवळलेल्या. मैथिली नखांनी सोडवायला बघते. सुटत नाही. ती बोटं एकमेकांवर चोळते आणि माझ्याकडे पाहते.

"ओली आहे गं."

"राहू दे," मी म्हणते.